विश्लेषण : गॅसचा बर्नर सोडून विजेवर बिअर बनवणाऱ्यांना १८० वर्षांपूर्वीचा हिशेब का लागतो? ब्रुअरीतले शास्त्रज्ञ जेम्स जूल कोण होते?

अमेरिका आणि युरोपात घरच्या घरी बिअर बनवणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक बदल होतो आहे. अंगणात प्रोपेन गॅसचा मोठा बर्नर पेटवून त्यावर हंडा चढवायचा, ही आजवरची पद्धत. आता अनेक जण हंड्याच्या आतच विजेचे हीटिंग एलिमेंट बसवून घेत आहेत. हा बदल करताना प्रत्येकाला चार प्रश्न पडतात. एलिमेंट किती वॅटचे घ्यायचे? पाणी उकळायला किती वेळ लागेल? वायर किती जाड हवी? आणि गॅसपेक्षा हे परवडेल का? या चारही प्रश्नांची उत्तरे ज्यांच्या कामावर उभी आहेत, ते जेम्स प्रेस्कॉट जूल स्वतः बिअर बनवणाऱ्या घरातले होते. ब्रुअरीतले वाफेचे इंजिन काढून तिथे वीज आणता येईल का, हा प्रश्न त्यांनी तरुणपणी घेतला. उत्तर त्यांच्या मनाविरुद्ध आले. ते त्यांनी मान्य केले आणि त्यातूनच उष्णता व ऊर्जा यांचे आधुनिक शास्त्र उभे राहिले.

इंजिनीअरिंगला गेलेल्या प्रत्येकाने जूल हे नाव हजारदा लिहिलेले असते, पण बहुतेक वेळा आकड्यापुढचे एकक म्हणूनच. त्या एककामागच्या माणसाचे हे आयुष्य.

जूल कोणत्या घरात जन्मले?

जेम्स जूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे झाला. सॅलफर्ड म्हणजे मँचेस्टरला लागून असलेले, मधे फक्त एक नदी असलेले शहर. कापडगिरण्या, वाफेची इंजिने आणि धुराडी यांचा हा परिसर होता. आजोबा विल्यम यांनी इथे ब्रुअरी काढली. वडील बेंजामिन यांनी ती वाढवली आणि चांगला पैसा केला. घर ब्रुअरीला लागूनच होते.

जेम्स लहानपणी अशक्त होते. पाठीच्या कण्याचा त्रास होता. त्यामुळे शाळेत न घालता त्यांना घरीच शिकवले गेले. ते आयुष्यभर बुजरे राहिले आणि मोठ्या सभेत बोलणे त्यांना कधीच सोपे गेले नाही. १८३४ मध्ये वडिलांनी जेम्स आणि त्यांचा थोरला भाऊ बेंजामिन यांना शिकवणीसाठी जॉन डाल्टन यांच्याकडे पाठवले. डाल्टन म्हणजे आधुनिक अणुसिद्धांत मांडणारे प्रसिद्ध शास्त्रज्ञ. ते मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीच्या इमारतीत मुलांना गणित शिकवत. ही शिकवणी १८३७ मध्ये डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आल्याने थांबली. जूल यांचे औपचारिक म्हणता येईल असे शिक्षण एवढेच. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांनी शिकून मिळवली नाही. पुढे मिळाल्या त्या सगळ्या सन्मानाने दिलेल्या.

दोन्ही भावांना विजेचे वेड होते. एकमेकांना आणि घरातल्या नोकरांना विजेचे झटके देऊन पाहणे, हा त्यांचा त्या वयातला उद्योग होता.

ब्रुअरीने त्यांना काय शिकवले?

जूल म्हणजे वडिलांच्या पैशावर प्रयोग करणारा हौशी श्रीमंत, असे चित्र बरेच दिवस रंगवले गेले. प्रत्यक्षात त्यांनी ब्रुअरीच्या कामात भाग घेतला. प्रयोग कामाआधी आणि कामानंतर चालत.

बिअर बनवणे हे मुळात तापमानाचे काम आहे. मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे म्हणजे माल्ट. ते भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवतात. या तापमानात दाण्यातल्या स्टार्चची साखर होते. दोन-चार अंश इकडेतिकडे झाले तर बिअरची चव आणि मद्याचे प्रमाण बदलते. मग तो गोड रस हॉप्स घालून उकळायचा, थंड करायचा आणि त्यात यीस्ट घालून आंबवायला ठेवायचा. यीस्ट घालताना रस जास्त गरम असेल तर सगळी मेहनत वाया जाते. त्यात इंग्लंडमध्ये तेव्हा माल्टवर सरकारी कर होता. त्यामुळे किती माल्टमधून किती माल निघाला, किती कोळसा जळाला, याची नोंद काटेकोर ठेवावी लागे.

थर्मामीटर नीट वाचणे, वाचन पुन्हा पुन्हा घेणे आणि खर्च-उत्पन्नाचा ताळा जमवणे या सवयी जूल यांना इथे लागल्या. पुढे विज्ञानाच्या सभांमध्ये त्यांचे तापमानाचे आकडे अनेकांना अविश्वसनीय वाटले, कारण तितके बारीक तापमान मोजण्याची गरज तेव्हाच्या प्राध्यापकांना क्वचितच पडत असे. ब्रुअरीवाल्यांना ती रोज पडत होती.

वाफेऐवजी वीज, हा विचार आला कुठून?

१८३० च्या दशकात युरोपात विजेच्या मोटरची मोठी हवा होती. रशियात मोरित्झ याकोबी यांनी १८३८ मध्ये बॅटरीवर चालणारी बोट नेव्हा नदीत चालवून दाखवली होती. लोहचुंबक आणि तारेच्या वेटोळ्यांतून जवळजवळ फुकट शक्ती मिळेल, असे अनेकांना वाटू लागले होते.

१९ वर्षांच्या जूल यांनाही तसेच वाटले. १८३८ मध्ये त्यांनी स्वतः बनवलेल्या विद्युतचुंबकीय इंजिनाचे वर्णन विल्यम स्टर्जन यांच्या विजेविषयीच्या नियतकालिकात छापून आणले. वीज एक दिवस वाफेची जागा घेईल, याची त्यांना त्या काळात खात्री होती. ब्रुअरीच्या मालकाच्या मुलाला हा केवळ पुस्तकी प्रश्न नव्हता. इंजिन बदलायचे असेल तर नवे इंजिन जुन्यापेक्षा स्वस्तात काम करायला हवे होते.

मग हिशेब कुठे अडला?

जूल यांनी दोन्ही इंजिनांना एकाच मापाने मोजायचे ठरवले. एक पौंड वजन एक फूट उचलायला जे काम करावे लागते, त्याला फूट-पौंड म्हणतात. वाफेच्या इंजिनात एक पौंड कोळसा जाळला तर किती फूट-पौंड काम मिळते, आणि बॅटरीत एक पौंड जस्त खर्ची पडले तर किती, एवढाच प्रश्न. त्या काळी वीज घरात तारेने येत नव्हती. ती बॅटरीतले जस्त झिजवून मिळवावी लागे, म्हणजे जस्त हेच विजेचे इंधन होते.

१८४१ मध्ये मँचेस्टरमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी आकडे मांडले. कॉर्नवॉलच्या खाणींवरची उत्तम वाफेची इंजिने एक पौंड कोळशात सुमारे १५ लाख फूट-पौंड काम करत होती. त्यांच्या विजेच्या इंजिनात एक पौंड जस्तामागे सुमारे ३ लाख ३१ हजार फूट-पौंड मिळत होते, म्हणजे पाचव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. वीज वाफेला हटवेल ही आशा ठेवायला जागा उरली नाही, हे जूल यांनी तिथेच जाहीरपणे सांगितले. तीन वर्षांपूर्वीची स्वतःची खात्री त्यांनी २२ व्या वर्षी स्वतःच्याच आकड्यांनी खोडली.

तारेत वीज गेली की उष्णता किती निर्माण होते?

इंजिन का कमी पडते, हे शोधताना जूल यांचे लक्ष तापणाऱ्या तारेकडे गेले. बॅटरीची शक्ती मोटर फिरवण्याऐवजी तार तापवण्यात जात होती. मग किती जाते, ते मोजायला हवे.

त्यांनी बारीक नळीभोवती तार गुंडाळली, ती पाण्याच्या भांड्यात बुडवली, तारेतून प्रवाह सोडला आणि पाण्याचे तापमान किती वाढते ते पाहिले. आपल्याकडे बादलीत पाणी तापवायला जो रॉड टाकतात, त्याचाच हा पूर्वज म्हणता येईल. डिसेंबर १८४० मध्ये निष्कर्ष रॉयल सोसायटीकडे गेला. निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते, हा तो निष्कर्ष. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट, तिप्पट केला तर नऊपट. रोध दुप्पट केला तर मात्र उष्णता दुप्पटच. आज शाळेत हा जूलचा नियम म्हणून शिकवतात. रॉयल सोसायटीने तेव्हा त्याचा फक्त छोटा गोषवारा छापला. पूर्ण निबंध पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात आला.

उष्णता आली कुठून, हा प्रश्न एवढा मोठा का होता?

त्या काळी उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे, असे अनेक शास्त्रज्ञ मानत. त्याला कॅलॉरिक म्हणत. हा द्रव एका वस्तूतून दुसरीत जातो, पण नव्याने तयार होत नाही आणि नष्टही होत नाही, अशी समजूत होती. तारेतली उष्णता बॅटरीतून वाहत आली, असे या समजुतीप्रमाणे म्हणता आले असते.

जूल यांनी बॅटरीच काढून टाकली. एक छोटे वेटोळे पाण्याने भरलेल्या नळीत ठेवून त्यांनी ते शक्तिशाली चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवले. फिरवण्यासाठी दोरीला बांधलेली वजने खाली सोडली. वेटोळ्यात वीज निर्माण झाली आणि पाणी तापले. इथे उष्णता वाहून यायला दुसरी जागाच नव्हती. ती वजनाच्या पडण्यातूनच आली होती. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला सरासरी ८३८ फूट-पौंड काम लागते, असा आकडा त्यांनी काढला. यालाच उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक म्हणतात.

ऑगस्ट १८४३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी हे मांडले. फारशी दखल कुणी घेतली नाही. त्याला एक कारण आकड्यांतही होते. वेगवेगळ्या प्रयोगांत त्यांना ५८७ पासून १०४० पर्यंत उत्तरे मिळाली होती, आणि एवढ्या फरकातून एकच नियम निघतो हे मानायला ऐकणारे तयार नव्हते. दाबलेल्या आणि प्रसरण पावणाऱ्या हवेवरचा त्यांचा पुढचा निबंध रॉयल सोसायटीने १८४४ मध्ये छापायला नाकारला.

जूल भांडायला गेले नाहीत. त्यांनी प्रयोग अधिक अचूक करायला घेतला.

पाणी घुसळण्याचा प्रयोग नेमका काय होता?

पाठ्यपुस्तकात चित्र असते तो हाच प्रयोग. तांब्याच्या भांड्यात पाणी, त्यात पितळी पाती असलेली रवी. रवीच्या दांड्याला दोऱ्या गुंडाळलेल्या आणि दोऱ्यांच्या टोकाला शिशाची वजने. वजने खाली आली की रवी फिरते, पाणी घुसळले जाते आणि किंचित तापते.

हा किंचित शब्द महत्त्वाचा आहे. १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगमालिकेत प्रत्येकी सुमारे २९ पौंडांची दोन वजने सव्वापाच फूट खाली येत. मग ती पुन्हा वर घेऊन सोडायची, असे २० वेळा. याला ३५ मिनिटे लागत. एवढे करून पाण्याचे तापमान वाढे ते सुमारे अर्धा अंश फॅरनहाइट. हवेची झुळूक, दोरीचे घर्षण, वजन जमिनीवर आदळताना वाया जाणारी शक्ती, या सगळ्यांची वजावट करावी लागे. प्रयोग करणाऱ्याच्या अंगाची ऊबही आकडा बिघडवू शकत होती, म्हणून जूल यांनी स्वतःच्या आणि भांड्याच्या मधे लाकडी आडोसा उभा केला. थर्मामीटर मँचेस्टरचे उपकरणकार जॉन बेंजामिन डान्सर यांच्या साहाय्याने बनवून घेतले होते. त्यावर जूल एका अंशाचा दोनशेवा भाग वाचत. १९९० च्या दशकात विज्ञानाचे इतिहासकार ओटो सिबुम यांनी हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा किती तरबेज हात आणि किती स्थिर तापमानाची खोली लागते, हे त्यांच्या लक्षात आले. जूल यांनी यातले बरेच काम घराच्या तळघरात केले होते.

या मालिकेतून आकडा आला ७७२ फूट-पौंड. आजचा स्वीकारलेला आकडा साधारण ७७८ आहे. फरक एक टक्क्याहूनही कमी.

त्यांचे म्हणणे अखेर कुणी ऐकले?

एप्रिल १८४७ मध्ये जूल यांनी मँचेस्टरच्या सेंट अ‍ॅन चर्चच्या वाचनालयात सामान्य लोकांसमोर व्याख्यान दिले. ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते, हा विचार त्यांनी तिथे सोप्या भाषेत पूर्णपणे मांडला. निर्माण केलेली शक्ती नष्ट करणे हे फक्त ईश्वराच्या हाती, अशी त्यांची श्रद्धा होती आणि त्या श्रद्धेचा आधारही त्यांनी घेतला. हे भाषण कुठल्या शोधपत्रिकेत आले नाही. ते छापले मँचेस्टर कुरिअर या स्थानिक वृत्तपत्राने.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डला ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन होते. तिथे जूल यांना थोडक्यात आटपायला सांगण्यात आले. मात्र श्रोत्यांत ग्लासगोचे तरुण प्राध्यापक विल्यम थॉमसन होते. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून जग ओळखते ते हेच. थॉमसन यांना जूल यांचे म्हणणे पटकन पटले नाही, कारण इंजिनात उष्णता खर्च होत नाही, ती फक्त वरून खाली वाहते, असे मानणारा फ्रेंच इंजिनीअर कार्नो यांचा सिद्धांत त्यांना खरा वाटत होता. दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसतात, यावर ते चार वर्षे विचार करत राहिले. १८५० मध्ये जर्मनीत क्लाउसियुस यांनी आणि १८५१ मध्ये थॉमसन यांनी वाट काढली, आणि उष्मागतिकी हे शास्त्र आकाराला आले.

ऑगस्ट १८४७ मध्ये जूल यांचा अमेलिया ग्राइम्स यांच्याशी विवाह झाला. मधुचंद्राला ते फ्रान्समधील आल्प्सच्या भागात गेले होते. थॉमसनही योगायोगाने तिथे फिरत होते. वाटेत जूल हातात लांब थर्मामीटर घेऊन धबधब्याच्या वरचे आणि खालचे तापमान मोजायला निघालेले दिसले, अशी गोष्ट थॉमसन यांनी अनेक वर्षांनी सांगितली. ती थोडी रंगवलेली असावी, असे इतिहासकारांना वाटते. भेट मात्र खरी होती.

१८५० मध्ये रॉयल सोसायटीने जूल यांना सदस्य करून घेतले. सहा वर्षांपूर्वी निबंध नाकारणारी हीच संस्था. १८५२ मध्ये रॉयल मेडल आणि १८७० मध्ये कोप्ली मेडल हे तिचे मोठे सन्मानही त्यांना मिळाले. ऊर्जेच्या नियमाचे श्रेय कुणाचे, यावर मात्र वाद झाला. जर्मन डॉक्टर युलियुस रॉबर्ट मायर यांनी १८४२ मध्येच तशी कल्पना मांडली होती. आज दोघांचेही नाव घेतले जाते. मायर यांची कल्पना आधीची, तर ती प्रयोगाने पक्की करण्याचे श्रेय जूल यांचे.

१८५४ मध्ये काय घडले?

हे वर्ष जूल यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. त्यांना मुलगा बेंजामिन आर्थर आणि मुलगी अ‍ॅलिस अमेलिया अशी दोन अपत्ये होती. १८५४ मध्ये तिसरे मूल जन्मले आणि काही आठवड्यांतच गेले. त्याच वर्षी पत्नी अमेलियाही वारली. कुटुंबाची ब्रुअरीही त्याच वर्षी विकली गेली. पस्तिशीतले जूल दोन लहान मुलांना घेऊन वडिलांकडे राहायला गेले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

या काळात थॉमसन यांच्यासोबतचे काम त्यांनी सुरू ठेवले. दाबाखालचा वायू अरुंद वाटेने सोडला की तो बहुधा थंड होतो, हे दोघांनी दाखवले. याला जूल-थॉमसन परिणाम म्हणतात. ब्रुअऱ्यांसाठी शीतयंत्रे बनवणारे जर्मन अभियंते कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ मध्ये याच परिणामाच्या आधारे हवा द्रवरूप करण्याचे यंत्र उभे केले.

अखेरच्या वर्षांत त्यांचे हाल का झाले?

ब्रुअरी विकल्यावर उत्पन्न थांबले होते आणि जूल यांनी कधी प्राध्यापकी केली नाही. घरचा पैसा प्रयोगांत आणि संसारात संपत गेला. १८७८ मध्ये सरकारने त्यांना वर्षाला २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले.

तरी मोजणे थांबले नाही. १८६७ मध्ये त्यांनी विजेने तापवलेल्या तारेवरून तुल्यांक पुन्हा काढला. उत्तर आले ७८३. पाणी घुसळून आलेला आकडा ७७२ होता. दोन्हींत फरक का? काही वर्षांनी स्पष्ट झाले की रोध मोजण्यासाठी ब्रिटिश असोसिएशनने ठरवलेला प्रमाण ओहमच एक टक्क्याहून थोडा जास्त चुकला होता. जूल यांनी १८७८ मध्ये पुन्हा पाणी घुसळले आणि ७७२.५५ हा अंतिम आकडा दिला. त्यात उरलेली छोटी चूक पाऱ्याच्या थर्मामीटरच्या प्रमाणातली होती. ती पुढच्याच वर्षी अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ हेन्री रोलंड यांनी दाखवली.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी मँचेस्टरजवळच्या सेल येथे जूल यांचे निधन झाले. ऊर्जेच्या एककाला त्यांचे नाव देण्याचा निर्णय पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत झाला, तो त्याच वर्षी, मृत्यूच्या काही आठवडे आधी. सेलमधील ब्रुकलँड्स दफनभूमीत त्यांच्या थडग्याच्या दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे.

आज गॅसवरून विजेवर जाताना हा हिशेब कसा लागतो?

हंड्यात २५ लिटर रस आहे आणि तो ६५ अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचा आहे, असे समजू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ जूल लागतात. हा आकडा म्हणजे जूल यांच्या तुल्यांकाचेच आजचे रूप. गुणाकार केला की साधारण ३६ लाख ६० हजार जूल होतात. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे या टप्प्याला एका युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागेल. अमेरिकेत या कामासाठी ५,५०० वॅटचे एलिमेंट बरेच जण वापरतात. वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल, त्यामुळे भागाकार केला की साधारण ११ मिनिटे येतात. हंड्याच्या बाजूंनी जाणारी उष्णता धरली तर थोडा जास्त वेळ.

एलिमेंट थेट रसात बुडलेले असल्याने जवळजवळ सगळी उष्णता रसालाच मिळते. गॅसची ज्वाळा मात्र हंड्याच्या कडेने वर निघून जाते. एक किलो प्रोपेन जळल्यावर सुमारे ४ कोटी ६० लाख जूल उष्णता मिळते, पण उघड्या बर्नरवर तिचा मोठा भाग हवेत जातो. म्हणून नुसत्या इंधनाच्या किमतीची तुलना फसवी ठरते. पाण्यात किती उष्णता पोहोचली, हे धरावे लागते. शिवाय मोठा बर्नर बंद खोलीत पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, तो विजेत नाही.

प्रवाहाच्या वर्गाचा नियम इथे दोनदा भेटतो. २४० व्होल्टवर ५,५०० वॅट देणारे एलिमेंट १२० व्होल्टच्या सॉकेटवर लावले तर निम्मे नव्हे, फक्त १,३७५ वॅट मिळतात, म्हणजे चौथा हिस्सा. आपल्याकडे गावात व्होल्टेज २३० वरून १८० वर घसरले की पाणी तापवायचा रॉड ६१ टक्केच ताकदीने चालतो, तो याच कारणाने. दुसरी भेट भिंतीतल्या वायरशी. ती एलिमेंटपेक्षा कितीतरी कमी तापते, पण प्रवाह दुप्पट झाला की तीही चौपट तापते. म्हणून २३ अँपिअरच्या भाराला पातळ वायर लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. जाड वायर, पक्के अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर या गोष्टी पाणी आणि वीज शेजारी असताना टाळता येत नाहीत. घरात उकळताना निघणारी वाफ बाहेर टाकायला पंखाही लागतो.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर बनवायला परवाना लागत नाही, आणि अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७९ पासून ही मुभा आहे. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे बेकायदा आहे. हा हिशेब आपल्याला गीझर, इंडक्शन शेगडी किंवा कारखान्यातला बॉयलर विजेवर नेताना उपयोगी पडतो.

मग वीज नेहमीच चांगली का?

याचे उत्तर वीज कशापासून बनते यावर ठरते. त्या काळची उत्तम वाफेची इंजिनेही कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामात बदलतात, हे जूल यांनी दाखवले होते. आजची कोळशाची वीज केंद्रे साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडी जास्त उष्णता विजेत बदलतात. बाकीची वाया जाते. म्हणजे कोळसा जाळून वीज बनवायची आणि त्या विजेने पुन्हा पाणी तापवायचे, यात तोटा आहेच. पाणी, वारा किंवा सूर्यापासून आलेली वीज असेल तर चित्र बदलते.

१८४१ मध्ये विजेचे इंधन जस्त होते, म्हणून जूल यांचा निकाल विजेच्या विरोधात गेला. इंधन बदलले, तसा आज अनेक ठिकाणी तोच हिशेब विजेच्या बाजूने येतो. गॅस की वीज हे ठरवताना आवडीनिवडी बाजूला ठेवून एका रकान्यात खर्च आणि दुसऱ्या रकान्यात पाण्यात पोहोचलेले जूल लिहायचे. सॅलफर्डच्या ब्रुअरीतल्या त्या तरुणाने हेच केले होते आणि उत्तर न आवडूनही ते छापून दिले होते.